उणे तीन

प्रिय वंदू,

अकरावीचा गणिताचा पेपर तू फोडलास का?

बघ, कशी आहेस, बरी आहेस ना, असलं काही न विचारता थेट मुद्द्यावर आले. काय करू? दिवाळीची सुट्टी संपल्यापासून हा प्रश्न मला छळतोय, आणि ज्या बाईला तो विचारायचा ती नवरात्रातच निघून गेली. आज दुपारी प्राचार्यांच्या टेबलावर चौकशीचा अहवाल ठेवून आले. त्यात तुझं नाव आहे. तुझ्यामागे तुझ्याबद्दल लिहायचं आणि तुला कळवायचंही नाही, हे मला पटेना. म्हणून हे पत्र.

शनिवार आहे. स्टाफरूम रिकामी आहे. खाली रिक्षावाले नेहमीसारखे भांडतायत. तुझ्या खुर्चीवर घाग सरांची बॅग असते हल्ली, आज तीही नाही. तुझ्या जागी तात्पुरते आलेत ते, गणिताला. तरुण आहेत, हुशार आहेत, आणि पहिल्या दिवसापासून मला ते आवडले नाहीत. तुझ्या खुर्चीत जे कुणी बसलं असतं, ते मला आवडलं नसतं म्हणा.

तू मला फौजदार म्हणायचीस ना? "गो फौजदारणी, जरा माणसांवर विश्वास ठेवूक शिक." पण परीक्षा विभाग माझ्याकडे का दिला, हेही तूच सगळ्यांना सांगत फिरायचीस. मराठी शिकवणारी बाई, पण हिच्या कपाटातून पेपर बाहेर जायचा नाही! त्याच कपाटातून गेला की काय, असं मला वाटायची वेळ तू आणलीस, वंदू.

काय झालं ते सांगते.

सुट्टी संपली त्या दिवशी घाग सर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन माझ्याकडे आले. चेहरा असा, की कुणाचा तरी खून झालाय.

"मॅडम, परब मॅडमनी काढलेला पेपर तुमच्याच ताब्यात होता ना?"

"हो. सीलबंद. का?"

"मग हे बघा."

बोट एकाच प्रश्नावर होतं. f(x) = x² − 4x, तर f(a+1) − f(a) काढा. मी म्हटलं, "सर, मला एफ बिफ काही कळत नाही, साध्या मराठीत बोला." त्यांनी सांगितलं, अख्ख्या वर्गाने उत्तर लिहिलंय उणे तीन. चुकीचं. तो आपला हर्षिल, ज्याचे वडील दर पालकसभेला आयआयटीचं नाव काढतात, त्यानेसुद्धा उणे तीन. आणि एकाच मुलीने बरोबर लिहिलंय. 2a − 3. मुलगी कोण? दर्शना. पहिल्या चाचणीत जेमतेम पास झालेली.

"अभ्यास केला असेल," मी म्हटलं.

"असेल ना. पण शेवटची ओळ वाचा."

दर्शनाने उत्तराखाली लिहिलं होतं, a शून्य असेल तरच उणे तीन हे उत्तर बरोबर. घाग सरांनी मग तुझी नमुना उत्तरं पुढे केली, सीलबंद पाकिटात पेपरासोबत तू जी दिली होतीस ती. तुझ्या त्या तिरक्या अक्षरात तीच ओळ. जवळजवळ शब्दाला शब्द.

"बाकीची मुलं काय चुकणार आहेत, हे या मुलीला आधीच कसं कळलं, मॅडम? उणे तीनचा उल्लेख प्रश्नात कुठेच नाही."

मी दोन्ही ओळी बोट ठेवून पुन्हा वाचल्या गं.

आता घाग सरांवरही मला संशय आला, हे तुला सांगायला नको. तुझी जागा कायमची भरायची जाहिरात निघणार होती. आधीच्या बाईंचं नाव खराब झालं तर कुणाचा फायदा? मी त्यांच्याकडे तसंच बघत राहिले असणार, कारण ते म्हणाले, "मला काही मिळवायचं नाहीये यातून. पण मी गप्प बसलो तर उद्या बाकीची मुलं विचारतील." बरोबर बोलले. म्हणून मला आणखीच राग आला.

मग मी मनातल्या मनात पुरावे गोळा करायला बसले. आणि वंदू, सगळे तुझ्याच विरुद्ध निघाले!

दर्शना वर्सोव्याची. कोळ्यांची मुलगी, ऑनलाइन यादीत नंबर आपल्याकडे लागला म्हणून मेट्रोने रोज घाटकोपरला येणारी. तिची आई अंधेरीच्या बाजारात मासे विकते. आणि श्रावण लागेपर्यंत शुक्रवारी दर्शनाच्या हातात एक पिशवी असायची, बर्फाचं पाणी गळणारी. ती पिशवी स्टाफरूमच्या दारात तुझ्या हातात जायची. "काय गो, सुरमई बघ कशी चकचकीत!" म्हणत तू मला नाकाजवळ आणून दाखवायचीस. मी एकदा विचारलं होतं, फुकट आणते का गं ही? तू म्हणालीस, "विकत घेतंय मी." तेव्हा मी विषय सोडला. आता मला आठवेना, तुला पैसे देताना मी कधी पाहिलं होतं का?

मी तुझ्या अहोंना, अनिल भाऊजींना फोन लावला. इकडचं तिकडचं बोलून सहज विचारल्यासारखं विचारलं, हॉस्पिटलात कॉलेजमधलं कुणी यायचं का हो, माझ्याशिवाय? ते म्हणाले, "ती दर्शना यायची ना! मंगळवारी मी ऑफिसात असायचो तेव्हा तीच बसायची. वंदनाला तिचा फार लळा."

मंगळवार! मी गुरुवारी यायचे. प्रत्येक गुरुवारी. आणि तू डोळे मिटून पडलेली असायचीस. "दमलंय गो," एवढंच. मी मोसंबी सोलून ठेवायचे, उशाशी बसायचे, खिडकीबाहेर बघायचे आणि परत यायचे. डोक्यातली गाठ आहे, थकवा येणारच, असं स्वतःला समजवायचे. आणि मंगळवारी तुला एका अकरावीतल्या पोरीशी बोलायला ताकद होती? मग माझ्यापुढे झोपेचं सोंग होतं का ते? मला तेव्हाच शंका आली होती. तुझ्या पापण्या हलायच्या. झोपलेल्या माणसाच्या अशा हलत नाहीत.

म्हणजे बघ: मुलगी तुझ्या लळ्याची, घरी मासे पोचवणारी, शेवटच्या दिवसांत तुझ्याजवळ बसणारी. आणि पेपर तुझा. कोर्टात उभी केली असती तुला, तर वकीलसुद्धा मिळाला नसता.

प्राचार्य म्हणाले, चौकशी करा, आणि तोपर्यंत मुलीचा निकाल राखून ठेवा. बातमी वर्गात फुटायला कितीसा वेळ लागतो? दुसऱ्या दिवशी दर्शना कॉलेजला आलीच नाही. तिसऱ्या दिवशी तिची आई आली. बाजार सोडून आलेली, केसात अबोली, हातात पिशवी नाही काही नाही. उभ्याउभ्याच बोलली.

"माजे पोरीला तुम्ही चोर बोलता?"

"तसं नाही हो, चौकशी चाललीय. तुम्ही बसा."

"बसत नाय. पोर दोन दिस जेवली नाय. बोलते, कॉलेज सोडते, तुझ्याबरोबर बाजारात बसते. त्यासाठी शिकवली काय मी तिला?"

मी धीर करून विचारलं, "परब मॅडमना तुम्ही मासे पाठवायचात ना?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मी पदर सारखा केला. "पाठवायची. बाई फोनवर भाव करायच्या माज्याशी! सुरमई महाग लावली तर दर्शनाबरोबर परत पाठवायच्या. फुकट खानारं मानूस भाव करतं काय?" आणि जाता जाता दारातून वळून म्हणाली, "तुमची मैत्रीण होती ना ती? तुमचाच भरोसा नाय तिच्यावर?"

काय चुकीचं बोलली ती? सांग ना! भरोसा असता तर मी चौकशीला बसलेच नसते.

पण एवढं मात्र त्या बाईमुळे झालं. मी ठरवलं, हे प्रकरण कागदावर निकाली काढायचं नाही. मुलीला समोर बसवायचं आणि तो एफ ऑफ एक्स काय आहे ते स्वतः समजून घ्यायचं. नाहीतर घाग सर म्हणतील ते खरं आणि मुलगी म्हणेल ते खोटं, अशीच माझी गत होणार.

तुला आठवतं, तू मला कितीदा समजावायला गेली होतीस? मी दरवेळी म्हणायचे, एफ कंसात एक्स म्हणजे एफ गुणिले एक्स, शाळेत कंस म्हणजे गुणाकारच शिकलोय आम्ही, आता तुम्ही गणितवाले नियम बदलता आणि आम्हाला सांगतही नाही! मला त्या कंसाचाच संशय होता. तू कपाळावर हात मारायचीस. "तुका नाय कळूचा. मराठीत त्याका फलन म्हणतत, फलन! तुझ्याच भाषेतला शब्द. आत घालशील त्याचा फळ." मला शब्द आवडला होता, गणित नाही.

परवा चौकशी झाली. गणिताच्या खोलीत मी, घाग सर आणि दर्शना. डोळे सुजलेले, दोन वेण्या घट्ट बांधलेल्या, खडू बोटात गच्च धरलेला.

मी म्हटलं, "दर्शना, मला गणित येत नाही. मला कळेल असं सांग. हे f(x) म्हणजे काय?"

तिने घाग सरांकडे पाहिलं. ते खिडकीकडे बघत होते. मग ती माझ्याकडे वळली. "मॅडम, रिक्षाचं भाडं समजा. f म्हणजे भाडं काढायचा नियम. कंसात अंतर. f कंसात चार म्हणजे चार किलोमीटरचं भाडं. भाडं गुणिले चार नाही."

"बरं."

"आता तुम्ही इथून थेट घरी गेलात तर एकच भाडं. मधे भाजीला उतरलात, रिक्षा सोडलीत आणि दुसरी केलीत, तर दोन भाडी. दोन्ही मिळून तेवढंच होईल का?"

"छे! दुसरीही पुन्हा पहिल्यापासून मीटर पाडणार. जास्तच जातील."

"तेच मॅडम. अंतर तेवढंच, पण दोन तुकड्यांची भाडी मिळून अख्ख्याचं भाडं होत नाही. म्हणून f कंसात a अधिक एक, याचे दोन तुकडे करता येत नाहीत. मुलांनी केले. f ने a ला गुणलं, f ने एकला गुणलं, मग a वाले उडाले आणि f कंसात एक उरलं. ते उणे तीन."

वंदू, मला कळलं! इतक्या वर्षांत तू डोकं फोडलंस आणि या पोरीने मला रिक्षात बसवून तिथे नेलं. कंस म्हणजे दार. जे आत शिरतं ते अख्खं शिरतं, तोडून नाही. मग तिने फळ्यावर x च्या जागी a + 1 ठेवून सगळं सोडवलं. तिचं म्हणणं बरोबर आहे हे मला शेवटी दिसत होतं, नुसतं ऐकावं लागत नव्हतं.

घाग सर मात्र हलले नाहीत. "पाठ केलेलंही असं म्हणता येतं," ते म्हणाले आणि उठून फळ्यावर दुसरं फलन लिहिलं. f(x) = x² + 5. "याचं काढ. f(a+1) − f(a)."

तिने काढलं. 2a + 1.

"आणि वर्गातली मुलं काय लिहितील?"

"सहा, सर. f कंसात एक."

"मग लिही खाली तुझी ती ओळ. a शून्य असेल तरच सहा बरोबर."

हा सापळा होता, हे मला नंतर कळलं. दर्शना खडू घेऊन फळ्यापाशी उभी राहिली. लिहिणार इतक्यात थांबली. पुटपुटली. मला वाटलं, संपलं. आणि त्या क्षणी मला कळलं गं, की मी तिच्या बाजूने बसलेय.

"नाही सर," ती म्हणाली. "इथे नाही चालणार. a शून्य घेतलं तर एक येतं, सहा नाही. पेपरातल्या गणितात शून्य घातलं तर शून्यच बाहेर यायचं, म्हणून त्या चुकीला तेवढी सूट होती. इथे शून्य घातलं तरी पाच बाहेर येतात. इथे मुलांना ती सूट नाही."

घाग सरांनी फडकं उचललं आणि काही कारण नसताना स्वच्छ असलेला फळ्याचा कोपरा पुसला. "हिला येतंय, मॅडम," ते म्हणाले. "पाठ नाहीये."

पण माझं समाधान होतंय का? येतंय हे ठीक. तरी ती ओळ? ती तुझ्या पाकिटातली ओळ हिच्या पेपरात कशी आली? मी विचारलंच.

दर्शनाने डोळे मोठे केले. "मॅडम, ते तर परब मॅडमनी सगळ्यांना शिकवलं होतं, हर्षिलला फळ्यावर बोलावून! वर्गात. पावसाळ्यात. हेच गणित."

"हेच?" घाग सर पुढे झाले. "मी वर्गात विचारलं. सगळे म्हणाले, असं गणित कधीच घेतलं नाही."

मला तेव्हा वाटलं, आता ही खोटं बोलतेय. इतका वेळ खरं बोलून शेवटी खोटं बोलणारी माणसं मी खूप पाहिलीत. मी शिपायाला पाठवून हर्षिलला बोलावून घेतलं. दर्शनाला बाहेर उभं केलं, म्हणजे खाणाखुणा नकोत.

"हर्षिल, परब मॅडमनी पावसाळ्यात तुला फळ्यावर बोलावलं होतं का? कुठल्या गणिताला?"

"हो ना मॅडम. सगळ्यांसमोर वाट लागली माझी. ते g(t) वालं होतं. t स्क्वेअर मायनस फोर t. g(p+1) मायनस g(p). मी मायनस थ्री सांगितलं. सगळे हसले."

"आणि मॅडम काय म्हणाल्या?"

"मॅडम नाही हसल्या. म्हणाल्या, अगदी चुकला नाहीस रे, p शून्य असेल तर तुझंच बरोबर आहे. मग सोडवून दाखवलं."

मी घाग सरांकडे पाहिलं. घाग सर हर्षिलकडे.

"मग पेपरात हे गणित आलं होतं, तेव्हा पुन्हा मायनस थ्री का लिहिलंस?" सरांनी विचारलं.

"पेपरात कुठे आलं होतं?"

"अरे, पहिलाच प्रश्न!"

"ते नाही सर. पेपरात f होतं. x होता, a होता. मॅडमनी घेतलेलं g होतं यार. म्हणजे, सॉरी सर. t आणि p होते. ते वेगळं."

वंदू, घाग सरांना मी पहिल्यांदा हसताना पाहिलं. आधी नाकातून, मग खुर्चीला धरून. मलाही आवरेना. हर्षिल बिचारा एकदा यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघतोय. अख्ख्या वर्गाला तू तेच गणित दिलंस, नाव बदलून. आणि अख्ख्या वर्गाला नाव बदललं म्हणून माणूसच बदललं असं वाटलं! एकटीने ओळखलं. पेपर फुटलाच नव्हता. तो पावसाळ्यापासून सगळ्यांच्या डोळ्यांसमोर उघडा पडला होता.

तू मुद्दाम केलंस ना हे? कोण नुसती अक्षरं बघतं आणि कोण आतला नियम बघतं, ते बघायला? खरं सांग. तुझा स्वभाव मला माहीत आहे.

घाग सर बाहेर गेले आणि दर्शनाला म्हणाले, "माझं चुकलं. मी तुझ्या आधीच्या मार्कांकडे बघत राहिलो. आईंना फोन लाव, मी बोलतो त्यांच्याशी." व्हरांड्यात उभं राहून ते फोनवर बराच वेळ नुसतं "हो, हो, बरोबर आहे तुमचं" म्हणत होते. त्या बाईने चांगलं झापलं असणार. आता ते मला आवडायला लागलेत, काय करणार?

इथे पत्र संपवायला हवं होतं. अहवाल इथेच संपतो. पण तुला ठाऊक आहे, मी थांबत नाही.

दर्शना निघाली तेव्हा मी तिच्याबरोबर मेट्रोच्या जिन्यापर्यंत गेले. विचारलं, "हॉस्पिटलात परब मॅडम तुला गणित शिकवायच्या का?"

ती एक पायरी चढून थांबली. मग म्हणाली, "नाही मॅडम. मी त्यांना शिकवायचे."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"त्या म्हणायच्या, मला पहिल्यापासून समजव, जसं काही मला येत नाही. एफ म्हणजे काय, कंस म्हणजे काय. मी सांगायचे. त्या मधेच थांबवायच्या, परत विचारायच्या. कधीकधी तेच तेच. मला आधी वाटलं, माझा सराव करून घेतायत. रिक्षाचं उदाहरण मी त्यांच्यासाठीच शोधलं. त्यांना फार आवडलं. पुढच्या मंगळवारी मी ते पुन्हा सांगितलं, तर म्हणाल्या, अगं हे किती छान आहे, हे तू आधी का नाही सांगितलंस?"

आम्ही जिन्याच्या कडेला उभ्या होतो. माणसं आम्हाला ढकलून वर चढत होती.

"शेवटच्या वेळी मी ते g(t) वालं गणित घातलं. मॅडमनी खूप विचार केला. मग म्हणाल्या, उणे तीन."

"तू काय म्हणालीस?"

"मी म्हटलं, अगदी चुकलं नाही मॅडम, p शून्य असेल तर तुमचंच बरोबर आहे. त्यांनी माझा हात धरला. सोडतच नव्हत्या." मग खाली बघत ती म्हणाली, "त्या म्हणाल्या होत्या, माधवीला सांगू नको. ती आली की मी डोळे मिटून घेते. ती लगेच ओळखेल."

वंदू! मी कशाला ओळखणार होते गं? मला तर वाटत होतं, तू माझ्यावर रागावलीस. गुरुवार गुरुवार मी तिथे बसून माझ्या चुका शोधत होते. तू मला नुसतं म्हणाली असतीस, की माधवी, माझे आकडे जातायत, तर मी काय केलं असतं? मला तर ते कधी येतच नव्हते! आपण दोघी एका पातळीवर आलो असतो. तुला गणित न येणारी मैत्रीण हवी होती ना, ती तर तुझ्या उशाशीच मोसंबी सोलत होती.

पण माझा संशयी स्वभाव जिन्यावरून घरी येईस्तोवर जागा झाला. म्हणजे बघ ना. तुला खरंच विसर पडला होता, तर पेपरात काय आहे हेही तू विसरली असणार, आणि तू निर्दोष आहेस. पण मग तुझं सगळ्यात आवडतं तेच तुझ्यातून निघून चाललं होतं आणि तुला ते कळत होतं. आणि तू नाटक करत होतीस, त्या पोरीला शिकवून शिकवून पक्कं करत होतीस, तर तुझं डोकं शेवटपर्यंत शाबूत होतं. पण मग पेपरातलं गणित तिच्या तोंडून वदवून घेताना तुला सगळं ठाऊक होतं. त्यात तिचा दोष काहीच नाही. तिला काय माहीत पाकिटात काय आहे? ती आपली वर्गात सगळ्यांना दिलेलं सोडवत होती. प्रश्न तुझाच उरतो.

परीक्षा प्रमुख म्हणून मला पहिलं हवं. मैत्रीण म्हणून दुसरं. तू लबाड निघालीस तर बरं, असं मला वाटतंय! तू लबाडी करत होतीस, मजेत होतीस, पापणीआड मला हसत होतीस. कुणी आपल्या मेलेल्या मैत्रिणीबद्दल असं काही मागतं का?

अहवालात मी एवढंच लिहिलं: सदर उदाहरण श्रीमती परब यांनी संपूर्ण वर्गास शिकवले होते, विद्यार्थिनीस विषय पूर्ण अवगत आहे, गैरप्रकार आढळला नाही, निकाल जाहीर करावा. प्राचार्यांनी सही केली. दर्शनाला पैकीच्या पैकी. मंगळवारचं मी लिहिलं नाही. ते परीक्षा विभागाचं काम नाही.

उद्या अनिल भाऊजींनी जेवायला बोलावलंय. त्यांना सगळं माहीत असेल. तुला शेवटी शेवटी काय आठवत होतं, काय नाही, डॉक्टर काय म्हणाले होते, मी एक शब्द काढला तर ते सगळं सांगतील. बोलायला माणूसच शोधतायत ते. मी जाईन. दोन घास जास्त जेवेन. त्यांच्या गुडघेदुखीबद्दल विचारेन, तुझ्या माहेरच्या गावाबद्दल विचारेन, मासे कुठून आणले तेही विचारेन. पण हे विचारणार नाही. उद्याही नाही, कधीच नाही. तुला जे माझ्यापासून झाकून ठेवायचं होतं ते झाकलेलंच राहील. माझ्यासारख्या बाईने दिलेला हा शब्द आहे, वंदू. याची किंमत तुलाच कळेल.

झोप आता. खरीखुरी.

तुझी,
माधवी